मातृशक्तीच्या आयुष्याचा हिशेब

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. नऊ दिवस नंदादीप अखंड तेवत राहतो, कुमारिकांचे पूजन होते, सवाष्णींच्या ओट्या भरल्या जातात, गावोगावच्या देवीच्या ठाण्यांकडे पायी निघालेल्या भाविकांनी रस्ते फुलून जातात. ईश्वराला 'आई' अशी हाक मारण्याची इतकी जिवंत परंपरा आजच्या जगात क्वचितच आढळते. भूमी ही माता, नदी ही माता, गाय ही माता, राष्ट्र हीही माताच, हा या समाजाचा हजारो वर्षांचा संस्कार आहे. त्याविषयी अभिमान बाळगण्यात काहीही वावगे नाही. मात्र अभिमानाला जबाबदारीची जोड नसेल, तर त्याचे दंभात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच एक साधा प्रश्न या समाजाने स्वतःला विचारायला हवा. ज्या समाजात जगज्जननीची इतकी आराधना होते, त्या समाजातील हाडामांसाची आई किती वर्षे जगते? आणि शेजारच्या देशांतील आई किती जगते?

आशिया खंडाच्या नकाशावर या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास मन अस्वस्थ होते. जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये तेथील स्त्रीचे सरासरी आयुर्मान ८७.१३ वर्षे होते. दक्षिण कोरियातील स्त्री ८६ वर्षांचा टप्पा ओलांडून गेली आहे. श्रीलंकेतील स्त्री ८० वर्षांच्या घरात आहे, बांगलादेशातील ७५ च्या आसपास. भारताच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१९ ते २०२३ या कालखंडात भारतीय स्त्रीचे सरासरी आयुर्मान ७२.५ वर्षे होते. नेपाळ जवळपास आपल्याच बरोबरीने चालतो, पाकिस्तान ७० च्या आसपास रेंगाळतो आणि अफगाणिस्तानातील स्त्रीच्या वाट्याला ६७-६८ वर्षेच येतात. एकाच खंडाच्या पूर्व टोकाला जन्मलेली मुलगी आणि हिंदुकुशाच्या कुशीत जन्मलेली मुलगी यांच्या आयुष्यात वीस वर्षांचे अंतर आहे. वीस वर्षे म्हणजे एक संपूर्ण पिढी. नातवंडांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगण्याचा काळ म्हणजेच ही वीस वर्षे.

हे आकडे समजून घेताना एक खुलासा आवश्यक आहे. सरासरी आयुर्मान ७२ याचा अर्थ बहुतेक स्त्रिया बहात्तराव्या वर्षी मरण पावतात, असा नव्हे. अर्भकावस्थेत, बालपणी, बाळंतपणात आणि ऐन उमेदीत झालेले मृत्यू या सरासरीला खाली ओढतात. म्हणून हा आकडा केवळ वृद्धांचा नसतो. जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंत समाज आपल्या मुलीबाळींशी कसा वागतो, त्याचा तो ताळेबंद असतो. आणखी एक कटू सत्य असे की, आयुर्मानाची मोजणी जन्मापासून सुरू होते. जिला जन्मालाच येऊ दिले नाही, तिची नोंद या हिशेबात कोठेच होत नाही. भारताचा ७२.५ हा आकडा वाचताना या अदृश्य कन्यांचे स्मरण ठेवावेच लागेल.

एवढी तफावत कशामुळे? पहिले उत्तर सुचते ते पैशाचे. जपान श्रीमंत, म्हणून तेथील स्त्री दीर्घायुषी. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. श्रीलंकेचे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे. दरडोई उत्पन्नात जपानच्या कितीतरी मागे असलेला, दीर्घ यादवी युद्धाने पोळलेला आणि २०२२ मध्ये आर्थिक दिवाळखोरीच्या खाईत कोसळलेला हा देश. तरीही तेथील स्त्री भारतीय स्त्रीपेक्षा सुमारे सात-आठ वर्षे अधिक जगते. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात परिस्थिती अशी नव्हती. त्या काळी श्रीलंकेत स्त्रीचे आयुर्मान पुरुषापेक्षाही कमी होते आणि दर एक लाख जन्मांमागे दीड हजारांहून अधिक माता दगावत होत्या. आज तेथील स्त्री पुरुषापेक्षा सहा वर्षांहून अधिक जगते.

हा बदल एखाद्या चमत्काराने घडला नाही. १९२६ मध्ये कळुतरा येथे पहिले आरोग्य केंद्र सुरू झाले आणि पुढे गावोगावी प्रशिक्षित सुईणींचे जाळे विणले गेले. १९४५ मध्ये शिक्षण मोफत झाले आणि मुली शाळेत जाऊ लागल्या. डी.डी.टी.च्या फवारणीने हिवताप आटोक्यात आला. सरकारे बदलली, पण गर्भवतीच्या दारात जाणारी सुईण बदलली नाही. ठरलेल्या वस्तीतील प्रत्येक गर्भवतीची नोंद तिच्या वहीत असे आणि तिच्यासाठी ती उत्तरदायी असे. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करून त्याचे कारण शोधण्याची पद्धत तेथे रुजली. थोडक्यात, त्या देशाने आपल्या आईला मोजले. जे मोजले जाते, तेच जपले जाते.

बांगलादेशाचे उदाहरण आपल्याला अधिक बोचणारे आहे. त्या देशातील हिंदूंवर होणाऱ्या अत्याचारांविषयी भारताने जे परखडपणे बोलायचे, ते बोललेच पाहिजे. त्या बाबतीत मौन पाळणे हे पाप ठरेल. पण शेजाऱ्याच्या दोषांवर बोट ठेवणाऱ्याने त्याच्या अंगणात जे चांगले पिकले, तेही पाहावे, हाच विवेक. १९७१ मध्ये जन्माला आलेला हा देश युद्धाने, वादळाने आणि दुष्काळाने जर्जर झाला होता. तेथील ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० या दशकात सुमारे एक कोटी वीस लाख घरांत जाऊन मातांना एक गोष्ट शिकवली. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी एकत्र करून अतिसार झालेल्या मुलाला पाजायचे. शिकवणाऱ्या स्त्रियाच होत्या आणि शिकणाऱ्याही स्त्रियाच. शासनाने नेमलेल्या कुटुंबकल्याण सेविकाही घरोघर पोहोचल्या. बायकांना घराबाहेर पडणे कठीण, तर आरोग्यसेवेनेच उंबरठा ओलांडून आत यावे, असा तो व्यवहारी मार्ग होता.

या क्षारजलाच्या उपचाराचा इतिहास मात्र भारतीयांनी विसरता कामा नये. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात, ज्यात बहुसंख्य हिंदू होते, पटकीची साथ पसरली. बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रुग्णांना तोंडावाटे देण्याची व्यवस्था केली. त्या छावणीतील पटकीच्या रुग्णांचे मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. महालनबिस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देऊन राष्ट्राने ते ऋण मान्य केले. जे ज्ञान भारतभूमीवरील एका छावणीत कसोटीला उतरले, ते शेजारच्या देशाने झोपडीझोपडीत पोहोचवले आणि भारतातील अनेक आया मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे अतिसाराने मुले गमावत राहिल्या. ज्ञान असणे वेगळे आणि ते शेवटच्या घरापर्यंत नेणारी माणसे असणे वेगळे, हाच याचा बोध.

नेपाळने हा बोध घेतला. १९८८ पासून तेथे महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांची योजना सुरू झाली. आज सुमारे पन्नास हजार स्वयंसेविका डोंगरदऱ्यांतून काम करतात. १९९६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ५३९ माता दगावत. २०२१ च्या जनगणनेनुसार हे प्रमाण १५१ वर आले. दुसऱ्या टोकाला अफगाणिस्तान आहे. त्या देशातील बदख्शान प्रांताच्या राघ जिल्ह्यात २००२ मध्ये झालेल्या पाहणीत दर लाख जन्मांमागे सहा हजारांहून अधिक मातामृत्यू आढळले होते. मानवी इतिहासात नोंदलेल्या सर्वांत भीषण आकड्यांपैकी तो एक. पुढील वीस वर्षांत हजारो अफगाण मुली सुईणीचे शिक्षण घेऊन खेड्यांत गेल्या आणि चित्र पालटू लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची राजवट परतली. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठांची दारे बंद झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईण होण्याचे शिक्षणही थांबवण्यात आले. स्त्रीने पुरुष वैद्याकडे जायचे नाही आणि स्त्री वैद्य तयारही होऊ द्यायची नाही, या धर्मांध आज्ञेचा अर्थ एकच होतो. त्या देशातील उद्याच्या बाळंतिणीला आजच मृत्युदंड सुनावला गेला आहे. स्त्रीच्या आयुष्याची दोरी राज्यकर्त्यांच्या हातात कशी असते, याचे याहून भयंकर उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पूर्वेकडे वळल्यास अगदी निराळे दृश्य दिसते. १९४७ मध्ये, म्हणजे भारत स्वतंत्र झाला त्याच वर्षी, पराभूत आणि बेचिराख जपानमधील स्त्रीचे आयुर्मान अवघे ५४ वर्षे होते. १९४८ पासून तेथे प्रत्येक गर्भवतीला माता-बाल पुस्तिका मिळू लागली आणि १९६१ मध्ये सर्व नागरिकांना आरोग्यविम्याचे छत्र लाभले. पण केवळ शासनाने हे घडवले नाही. नागानो या डोंगराळ प्रांतात खारवलेल्या भाज्या आणि खारट सूप हा रोजचा आहार असल्याने पक्षाघाताने मरणाऱ्यांची संख्या मोठी होती. तेथील गृहिणी आरोग्य स्वयंसेविका म्हणून पुढे आल्या. शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सुपातील मिठाचे प्रमाण मोजले आणि कमी मिठाचा स्वयंपाक शिकवला. एकेकाळी पक्षाघातासाठी कुप्रसिद्ध असलेला हा प्रांत पुढे दीर्घायुष्यात संपूर्ण जपानमध्ये अग्रेसर ठरला. २०२५ मध्ये जपानमध्ये शंभरी पार केलेल्यांची संख्या ९९,७६३ होती आणि त्यांत ८८ टक्के स्त्रिया होत्या. समाजाने स्वतः उभारलेले संघटन काय करू शकते, हे कार्यकर्त्यांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दक्षिण कोरियाचा धडा याहूनही महत्त्वाचा आहे. 'वंशाला दिवा हवा' ही भावना तेथे आपल्याइतकीच प्रबळ होती. १९९० मध्ये तेथे १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्माला येत होते. गर्भलिंग चाचणीवर कायद्याने बंदी १९८७ पासूनच होती, तरी एवढ्याने भागले नाही. पण मुली शिकल्या, नोकरीव्यवसायात उतरल्या, कुटुंबप्रमुख पुरुषच असावा असे मानणारी कायदेशीर व्यवस्था न्यायालयाने २००५ मध्ये अमान्य केली, म्हाताऱ्या आईबापांना लेकीही सांभाळू लागल्या आणि एका पिढीत हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. २०२४ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने गर्भाचे लिंग सांगण्यावरील निर्बंध उठवले, कारण मुलग्याचा हव्यासच ओसरल्याचे त्याला आढळले. समाजाची मने बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर नाही.

या आकड्यांचा आधार घेऊन दोन प्रकारचे लोक आपापले सोयीचे निष्कर्ष काढू पाहतात. भारतात स्त्री मागे पडली ती हिंदू परंपरेमुळे, हा पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींचा आवडता सिद्धान्त. या सिद्धान्ताला आकडे दुजोरा देत नाहीत. एकाच परंपरेत वाढलेल्या केरळमधील आणि छत्तीसगढमधील स्त्रीच्या आयुष्यात मोठे अंतर असेल, तर दोष परंपरेच्या माथी कसा मारता येईल? चरकसंहितेत गर्भिणीच्या आहारविहाराचा महिन्यागणिक विचार आहे. पहिले बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात डोहाळजेवण, बाळंतिणीला अळीव, डिंक आणि खारीक-खोबरे, ही सारी लोकरीत गर्भवतीला विश्रांती आणि पोषण देण्यासाठीच होती. दुसऱ्या बाजूला, आमच्याकडे स्त्री देवीसमान पूजनीय आहे, तेव्हा तिच्या दुःखाची चर्चा पाश्चात्त्यांनी करू नये, असे म्हणून विषय संपवणारेही आहेत. स्त्रीचा सन्मान होतो तेथे देवता रमतात, हे स्मृतिवचन भाषणात उद्धृत करणे सोपे असते. त्याच परंपरेच्या नावाखाली बालविवाह झाले, बाळंतिणीला धुराने कोंदलेल्या अंधाऱ्या खोलीत डांबले गेले आणि विधवांचे हाल झाले, हेही तितकेच खरे आहे. निंदा आणि स्तुती या दोन्हींनी आईचे आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही.

भारताने काहीच केले नाही, असेही नव्हे. १९७०-७५ मध्ये भारतीय स्त्रीचे आयुर्मान ४९ वर्षे होते आणि ते पुरुषाच्या ५०.५ वर्षांपेक्षा कमी होते. निसर्गाने स्त्रीला अधिक चिवट बनवले असताना ती पुरुषाआधी जावी, हे समाजाच्या अनास्थेचेच चिन्ह होते. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हा क्रम उलटला. २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०२०-२२ मध्ये हा आकडा ८८ वर आला. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि 'आशा' कार्यकर्ती आल्या. रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. अठराव्या वर्षाच्या आत विवाह होणाऱ्या मुलींचे प्रमाण याच काळात निम्म्यावर आले. २०१६ मध्ये बलिया येथून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक घरांत गॅसची जोडणी दिली आणि गृहिणींच्या छातीत दिवसरात्र साचणारा चुलीचा धूर काही अंशी तरी कमी केला. ही राष्ट्राची कमाई आहे आणि तिचा योग्य तो गौरव व्हायलाच हवा.

परंतु देशांतर्गत विषमतेकडे डोळेझाक करता येणार नाही. २०१६-२० या कालखंडात केरळमधील स्त्रीचे आयुर्मान ७८ वर्षे होते. त्याच कालखंडात केरळमधील स्त्रीपुरुषांची एकत्रित सरासरी ७५ होती, तर छत्तीसगढची ६५.१. जपान आणि अफगाणिस्तान यांच्यात जे अंतर आहे, त्याच्या निम्मे अंतर एकाच भारतमातेच्या दोन लेकरांमध्ये आहे. केरळच्या यशाचे सारे श्रेय साम्यवादी राजवटीला देण्याची प्रथा पडली आहे. पण १९५७ मध्ये तेथे पहिले साम्यवादी सरकार आले, त्याच्या कितीतरी आधी, १८१७ मध्ये त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी प्रजेच्या शिक्षणाचा खर्च संस्थानाने उचलावा, असे फर्मान काढले होते. १९३८ मध्ये त्याच संस्थानाने डॉ. मेरी पुन्नन लुकोस या स्त्रीकडे संपूर्ण आरोग्यखात्याचे प्रमुखपद सोपवले होते. नारायण गुरूंनी शिक्षण आणि संघटन यांचा मंत्र देऊन उपेक्षित समाजाला उभे केले होते. पेरणी आधी झाली होती, पीक नंतर आले.

महाराष्ट्राने स्वतःकडे पाहिले तर काय दिसते? २०१८-२० मध्ये दर लाख जन्मांमागे ३३ मातामृत्यू, म्हणजे देशात अग्रभागी असलेले राज्य. याच महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग चाचणीविरोधी कायदा देशात सर्वप्रथम केला. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर घसरली, तीही याच महाराष्ट्रात. यंत्रे शहरांत होती, पैसा सुशिक्षितांकडे होता आणि अक्षरशत्रू वनवासी बांधवांपेक्षा सुखवस्तू पांढरपेशा घरांनीच हे पाप अधिक केले, हे मान्य करण्याचे धैर्य मध्यमवर्गाने दाखवले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यानंतर २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. मजुरी बुडू नये म्हणून शरीराचा एक अवयवच काढून टाकावा लागणे, हा प्रकार ज्या राज्यात साखरेचे कारखाने दिमाखाने उभे आहेत त्या राज्यात घडतो, याची लाज वाटली पाहिजे.

बीड दूर वाटत असेल, तर आपल्याच स्वयंपाकघरात डोकवावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत आणि महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. हा केवळ गरिबीचा आकडा नाही. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी अन्नपूर्णा खाऊनपिऊन सुखी घरांतही आढळते. वर्षभर उपवासांची माळ ओढणारी, पोराच्या तापाला रात्री दवाखाना गाठणारी आणि स्वतःच्या छातीतील गाठ मात्र 'जाऊ दे, लग्नकार्य उरकू दे' म्हणून वर्षभर लपवणारी आई प्रत्येक घराने पाहिलेली आहे. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आघाडीवर आहेत. तरीही वरील पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे की, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकेने केलेल्या, सौम्य ॲसेटिक आम्लाच्या स्वस्त चाचणीने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होतात. उपाय मुंबईत सिद्ध झाला. तो घराघरांत केव्हा पोहोचणार, हा प्रश्न आहे.

येथेच संघटित समाजाचे कर्तव्य सुरू होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांनाच नवजात बालकांच्या काळजीचे शिक्षण दिले आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक, सेवा भारतीची केंद्रे, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय ही सेवेची ठाणी आज उभी आहेत. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात वंदनीय लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा स्त्रीने शरीराने आणि मनाने सबल व्हावे, हाच त्यांचा आग्रह होता. या साऱ्या शक्तीने आता एक संकल्प करावा. प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक समितीच्या परिसरातील प्रत्येक गर्भवतीची नोंद कार्यकर्त्यांच्या वहीत असावी. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत होणाऱ्या मोफत तपासणीला ती जाते की नाही, हे पाहिले जावे. वस्तीतील तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीची रक्ताची, रक्तदाबाची आणि कर्करोगाची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. आणि प्रत्येक घरातील पुरुषाने आठवड्यातून काही वेळा तरी स्वतः वाढून घरातील स्त्रीला पहिल्या पंगतीला बसवावे. यापैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. वही लागते, वेळ लागतो आणि मनापासूनची तळमळ लागते.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांतच गेले. वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, या वेदनेतून त्या सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परंपरेचा अभिमान आणि नव्या विद्येची ओढ यांचा संगम त्या तरुणीच्या ठायी झाला होता. पण १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी क्षयाने त्यांना नेले. त्याच काळातील डॉ. रखमाबाई यांनी लहानपणी लादलेला विवाह नाकारला, सुरत आणि राजकोट येथे हजारो स्त्रियांची सेवा केली आणि नव्वदी गाठली. जी गेली, तिच्यासोबत किती सेवा गेली, आणि जी जगली, तिच्यामुळे किती जणी जगल्या, याचा हिशेब या दोन आयुष्यांतच मांडलेला आहे.

घट उठतील, सोने लुटले जाईल, सीमोल्लंघन होईल. यंदा त्या सीमोल्लंघनाचा मार्ग वस्तीतील शेवटच्या घरातील बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जावा. देवळातील आईपुढे नंदादीप लावणाऱ्या हातांनी घरातील आईच्या आयुष्याची वातही विझू देऊ नये. श्रीलंकेने ते करून दाखवले, जपानने दाखवले, कोरियाने दाखवले. जगन्मातेची उपासना करणाऱ्या भारताने ते करून दाखवणे, हीच खरी शक्तिपूजा ठरेल.